थांब्या कुणाचा

बारकीने त्रेपन्नावं वर्ष ओलांडलं तरी घरात ती बारकीच होती. घरात म्हणजे आई, आणि दुसऱ्या शहरातून फोनवर येणारा दादा. बाहेर मात्र तिला मान होता. दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या कार्यशाळेत तिची सव्वीस वर्षं झाली होती, आणि अवघड जबडा आला की मालक स्वतः उठून तो तिच्या टेबलावर आणून ठेवत. सोबतच्या चिठ्ठीवर पेशंटचं वय आणि दातांचा रंग एवढंच लिहिलेलं असे. बाकीचा माणूस तिने प्लास्टरच्या साच्यावरून ओळखायचा, मेणात एकेक दात बसवायचा, चावताना कुठे टोचेल ते आधीच हेरायचं. मग तो माणूस कुठेतरी पोटभर जेवे, फोटोत मनमोकळं हसे, आणि आभार मानी डॉक्टरांचे. बारकीचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. काम आवडतं, हात चालतो, आणखी काय डोक्यावर घेऊन नाचायचं, असं ती म्हणे.

म्हणूनच पुढे जे झालं त्यात ती एवढी का पेटली, हे तिच्यासोबत काम करणाऱ्या बायकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर बुद्धिबळ खेळे. साधं नव्हे, वेडंवाकडं. एक साइट होती, तिथे बुद्धिबळाचे नाना प्रकार चालत. कुठे पट षटकोनी, कुठे एकेकाला तीन राजे, कुठे मारलेला मोहरा शत्रूच्या बाजूने पुन्हा उभा. तिथे कुणालाही स्वतःचा खेळ बनवून मांडता येई. पट आखायचा, चाली सांगायच्या, आणि मग एक तक्ता भरायचा: मोहऱ्याचं चित्र, त्याचं नाव, आणि खेळी लिहिताना त्याच्यासाठी वापरायचं अक्षर. एका बुधवारी, डबा अर्धा संपलेला असताना, तिने 'नवे खेळ' उघडलं आणि सगळ्यात वरचं नाव वाचलं. महाव्यूह.

नाव वाचून तिला हसू आलं. नियम वाचताना ते गेलं. पट नऊ बाय नऊचा. राजाच्या डाव्या अंगाला एक 'कालसेनापती'. हा मोहरा आपली पाळी सोडून देऊ शकतो. सोडली, तर पुढच्या पाळीला तो लागोपाठ दोनदा चालतो. अक्षर 'का'. पाळी सोडल्याची खूण आडवी रेघ. सगळ्यात खाली 'रचना' असं लिहून पुढे दादाचं पूर्ण नाव होतं, मध्ये वडिलांच्या नावासकट.

कालसेनापती कसला आलाय? तो थांब्या होता. आणि थांब्या बारकीचा होता.

गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. दादा चौदाचा, बारकी बाराची. सायकलवरून पडून दादाची मांडी मोडली आणि तो चार महिने प्लास्टर घालून पलंगावर पडला. वडील कामासाठी परगावी असत. आई बाहेरच्या खोलीत शिवणयंत्रावर बसून कारखान्यातल्या शर्टांना कॉलर जोडी. म्हणजे उरलेलं घर बारकीच्या गळ्यात. पण दादाला खेळायला कुणीतरी हवं! तेव्हा पट पलंगावर, दादा पलंगावर, आणि बारकी स्वयंपाकघरात भांड्यांच्या ढिगापुढे. पट डोक्यात धरून ती तिथून ओरडून खेळी सांगे. दादा दोघांचेही मोहरे हलवी आणि वहीत लिहून घेई. नळाच्या आवाजात लांबलचक नावं ऐकू जात नसत म्हणून मोहऱ्यांना एकेक अक्षर दिलं. "उं पाच तीन!" अशी आरोळी आली की दादाने तिचा उंट उचलायचा. खेळाचं नाव त्यांनी पलंगपट ठेवलं होतं.

त्यात दादाने एक नियम घुसडला होता. दहा आकडे मोजून होईपर्यंत खेळी आली नाही तर पाळी गेली. पलंगावर लोळत असला नियम करायला काय जातं? इकडे आईची हाक यायची, "बारके, दूध बघ," "बारके, दार बघ," "बारके, कात्री कुठंय," आणि तिकडे दादा मोठ्याने मोजत असायचा. बारकी "थांब, थांब!" म्हणून ओरडत धावायची आणि परत येईतो पाळी गेलेली. तीन आठवडे ती सारखी हरत होती. मग एका दुपारी कढई घासता घासता तिला सुचलं की ज्याला थांबणं अंगी लागेल असा एक मोहरा असावा. मी थांबले की तोही थांबेल, आणि पुढच्या पाळीला दुप्पट चालेल. दादा म्हणाला, मूर्खपणा आहे. पण त्यालाही एक मिळणार म्हटल्यावर तो कबूल झाला. त्या आठवड्यात बारकी पहिल्यांदा जिंकली, आणि हातात साबणाचा फेस तसाच घेऊन पलंगाभोवती नाचली. थांबण्याची खूण म्हणून दादाने वहीत आडवी रेघ मारायला सुरुवात केली. सगळी वही त्याच्याच अक्षरात होती. तिचे हात ओले असत.

त्या बुधवारी संध्याकाळी तिने दादाला फोन लावला. दादा आता एका भाड्याच्या खोलीत एकटा राहत होता. दोन धंदे बसले होते, बायको कंटाळून निघून गेली होती, आणि बरीच वर्षं त्याच्या आवाजात सकाळपासूनच संध्याकाळ असायची. त्या दिवशी मात्र तो खुशीत होता.

"बघितलंस का? अगं, चारशे लोक खेळतात रोज! चारशे!"

"बघितलं. थांब्याचं काय करून ठेवलंयस तू?"

"कोण थांब्या? हां, ते होय. अगं, चारचौघांत असलं नाव चालतं का? जरा वजनदार नको?"

"नावाचं राहू दे. रचना म्हणून नुसतं तुझंच नाव टाकलंयस."

 मग दादा म्हणाला, "मग कुणाचं टाकू? खेळ मीच केला ना. तू खेळायचीस माझ्याशी, ते मी कुठे नाही म्हणतोय? चांगली खेळायचीस."

"दादा, थांब्या माझा आहे."

"बारके, चाळीस वर्षं झाली. एवढीशी होतीस तू तेव्हा. वाटतं माणसाला कधी कधी तसं." आणि रडक्या पोराला खाऊ द्यावा तशा आवाजात तो पुढे म्हणाला, "हे बघ, तुला थांब्याच हवाय ना? सेटिंगमध्ये जा. 'माझी लेखनपद्धती' असं आहे बघ तिथे. प्रत्येकाला आपल्यापुरती नावं, अक्षरं, सगळं बदलता येतं. तुझ्या स्क्रीनवर त्याला थांब्या म्हण, बंड्या म्हण, काय वाटेल ते म्हण. कुणी अडवलंय तुला?"

बारकीने फोन ठेवला आणि सेटिंगमध्ये गेली. राग येत असताना गेली, आणि गेली म्हणून नंतर तिला स्वतःचाच जास्त राग आला. तक्ता समोर आला. 'का' पुसून तिने 'थां' लिहिलं. कालसेनापती पुसून थांब्या लिहिलं. महाव्यूह पुसून पलंगपट. 'जतन करा' दाबल्यावर साइटने बजावलं की हे बदल फक्त तुम्हाला दिसतील. दिसू देत, म्हणून ती खेळायला लागली, आणि खोटं कशाला बोला, पहिले दोन दिवस तिला फार बरं वाटलं. समोरचा कुठल्या देशातला कोण, पण त्याची खेळीसुद्धा तिच्या स्क्रीनवर तिच्याच अक्षरांत उमटायची.

तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी गाजलेल्या डावाखाली तिने शेरा लिहिला: 'तेराव्या खेळीला थांब्या थांबवला असता तर हा डाव वाचला असता.' अर्ध्या तासात उत्तरं आली. 'थांब्या म्हणजे कोण?' 'या खेळात असा मोहरा नाही. आधी नियम वाचा.' तिसऱ्याने नुसताच दात काढून हसणारा चेहरा टाकला होता.

त्या दुपारी तिने एका म्हातारबुवांच्या कवळीत डावीकडचे दात उजवीकडे बसवले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी ती परत तिच्या टेबलावर आणून ठेवली, आणि ते तिला झोंबलं.

पुढच्या आठवड्यात साइटच्या व्यवस्थापकाने सूचना लावली. साइटवर त्याला सगळे चौकीदार म्हणत, तोही स्वतःला तेच म्हणवून घेई. महाव्यूह लोकांना इतका आवडला होता की आता तो 'कायम यादी'त जाणार होता. एकदा खेळ तिथे गेला की त्याची नावं, अक्षरं आणि रचनाकाराची ओळ, सगळ्याला कुलूप. हजारो डाव त्या अक्षरांत लिहून ठेवलेले असणार, ती रोज बदलून कशी चालतील? कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी.

बारकीने कळवली. तीन संध्याकाळी बसून कळवली. स्वयंपाकघर लिहिलं, नळ लिहिला, दहापर्यंतची मोजणी लिहिली. शेवटी तिने लिहिलं: 'जो चार महिने पलंगावर पडून आहे, ज्याला हाक मारून कुणी उठवत नाही, त्याला थांबणारा मोहरा कशासाठी सुचेल? हा मोहरा कामातून उठवल्या जाणाऱ्या माणसाचा आहे. मला खेळाचं श्रेय नको. खेळ दादाचा असू दे. थांब्या माझा म्हणून लिहा, एवढंच.'

चौकीदाराचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. 'ताई, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं. पण मला पटून भागत नाही. तुमच्या भावाने जुन्या वहीचे फोटो पाठवलेत आणि पानन् पान त्यांच्या अक्षरात आहे. तेव्हा घरात तिसरं कुणी होतं का?'

आई होती! चारही महिने, मधल्या दाराच्या पलीकडे. 'तुमच्या त्या बोंबलण्याने माझी सुई वाकडी जायची,' हे तिने पुढे कित्येक वर्षं ऐकवलं होतं. आई आता एक्याऐंशीची होती, गुडघे गेले होते, पण डोकं खणखणीत. कुणाच्या बारशाला कोण रुसलं आणि का, हे ती वर्षासकट सांगे. वडील गेल्यापासून चौदा वर्षं ती बारकीकडेच होती. बारकीने चौकीदाराला आईचं नाव कळवलं. दादाचंही उत्तर तासाभरात आलं, 'आईला विचारा, माझी काहीच हरकत नाही.' तो इतक्या पटकन कबूल झाला, तिथेच बारकीच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण तिला उलट भरून आलं. तिला वाटलं, वाद घातला तरी दादाचं मन अजून सरळ आहे.

मग तिने एक गोष्ट केली जी तिच्यासारखीच बाई करू जाणे. तिने आईला काहीसुद्धा सांगितलं नाही. चार दिवस दोघी ताटाला ताट लावून जेवत होत्या, आणि जिभेवर आलेलं ती घासाबरोबर गिळत होती. पढवलेला साक्षीदार तिला नको होता. जे निघेल ते आईच्या तोंडून आईचं निघू दे, म्हणजे मग कुणाला बोट ठेवायला जागा नको. "रविवारी चार वाजता एकाचा फोन येईल, आपल्या लहानपणच्या खेळाबद्दल विचारेल. तुला जे आठवतं ते सांग," एवढंच ती म्हणाली.

"बरं," आई म्हणाली.

रविवारी तिने आईचे केस विंचरले, पाठीमागे उशी दिली, आपला मोबाइल आवाज मोठा करून डब्याला टेकवून समोर उभा केला. आपल्या चेहऱ्यावरून आईने काही ताडायला नको म्हणून स्वतः गॅलरीच्या दाराशी जाऊन पाठ करून बसली.

"आजी, तो खेळ कुणी तयार केला होता?" चौकीदाराचा आवाज अगदी तरुण निघाला.

"माझ्या मुलाने. पाय मोडून पडला होता हो बिचारा. तेवढंच त्याचं मन रमायचं."

"आणि तुमची मुलगी?"

"ही होय? ही लहान. हुंदडण्यातून सवड कुठे हिला?"

"त्या म्हणतात, त्या भांडी घासता घासता आतून खेळी सांगायच्या."

"छे हो! भांडी मी घासायचे. मशीनवरून उठून सगळं मीच बघायचे. पोरीला काडी उचलू दिली नाही मी कधी."

"आणि तो थांबणारा मोहरा? तो कुणाला सुचला?"

"त्यालाच. दुसऱ्या कुणाला सुचणार?"

खेळ गेला तो गेलाच, भांडीही गेली. गॅलरीच्या दाराशी बसलेल्या बारकीला रडू आलं नाही, नुसते कान गरम झाले. चौकीदार आभार मानून गेला तेव्हा ती उठून आईसमोर उभी राहिली.

"आई, भांडी तू घासायचीस?"

"मला आठवलं ते सांगितलं," आई म्हणाली आणि खिडकीकडे बघायला लागली.

आता इथे दुसरी कुणी असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. बारकी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि स्वतःलाच तपासायला लागली. दादा एक सांगतो, आई तेच सांगते, वहीही तेच सांगते. वेगळं सांगणारी मी एकटी. मग मीच रचलं असेल का हे? कढई, फेस, ते नाचणं? माणूस घडवतो की मनात काहीबाही. आपण दात घडवतो आणि लोकांना ते आपलेच वाटतात, तसंच कशावरून नसेल? साडेपाचला चौकीदाराचा निरोप आला: 'वाईट वाटतं, ताई. महाव्यूह आजच कायम यादीत गेला.' तिने तो दोनदा वाचला, आणि मग दादाला लिहायला घेतलं. 'दादा, माझंच चुकलं असेल. मनात ठेवू नकोस.' ते पाठवायच्या आधी बाहेरून हाक आली.

"बारके, जरा दादाला फोन लावून दे गं. माझ्यावरून लाव."

आईला नंबर दिसत नसत आणि ऐकूही कमी येई, म्हणून तिचा फोन नेहमी बारकीनेच लावून, आवाज मोठा करून तिच्या हातात द्यायचा. बारकीने लावला. एक रिंग जेमतेम झाली असेल.

"हां आई, झालं का?" दादा घाईघाईने म्हणाला. "मी सांगितलं तसंच बोललीस ना सगळं? भांड्यांचं विसरली नाहीस ना?"

खोलीत तो आवाज चांगला मोठा वाजला. बारकी फोन हातात धरून उभी राहिली. आईने तिच्याकडे पाहिलं, हात लांब केला आणि फोन काढून घेतला.

"हो रे, बोलले सगळं. झालं तुझं काम. ठेव आता, मग बोलू."

तिने फोन उशीखाली सरकवला आणि पायांवरची चादर सारखी करायला लागली. बराच वेळ करत होती.

"कधीपासून पढवत होता?" बारकीने विचारलं.

"तू कामाला गेलीस की करायचा रोज." मग आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर शरम नव्हती, नुसता थकवा होता. "अशी बघू नकोस माझ्याकडे. मला का माहीत नाही कोण ओरडायचं आतून? पण त्याच्याकडे दुसरं आहे काय गं? धंदे बुडाले, बायको गेली. जन्मात एकदा चार लोकांनी त्याला शाबास म्हटलं, तेवढंही काढून घेऊ त्याचं? तू समजूतदार आहेस, म्हणून तुझ्या जिवावर खोटं बोलले. त्याला सोसलं नसतं ते."

बारकीला त्या क्षणी आईचा तिरस्कार वाटला. आईचाच, दादाचा नाही. दादा काय, तो पलंगावर पडून नियम करणारा माणूस. आपल्या डोक्यात काही बिघडलेलं नव्हतं, कढई खरी होती, फेस खरा होता, हे कळून तिला हायसं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. ज्या एका माणसाला सगळं पक्कं माहीत होतं, त्यानेच तोलूनमापून तिला वजा केलं होतं.

"आणि माझ्याकडे काय आहे, आई?"

आईला प्रश्नच कळला नाही. ती खरोखर गोंधळून लेकीकडे बघत राहिली.

"म्हणजे काय?" ती म्हणाली. "तुझ्याकडे मी आहे की."

आणि गुडघ्यांना तेल लावायची वेळ झाली होती म्हणून तिने पाय पुढे केले.